इद्दतीत अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊ की नको? (आणि त्यावरून निघालेलं बरंच काही)

मोहल्ल्यातली_मास्तरीण | ९ मार्च २०२४, रात्री १०:५०

सलाम आणि नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

२० फेब्रुवारीला फजरनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) आमचे अब्बा गेले. रेल्वेतून रिटायर झाले होते. अम्मी इद्दतीत आहे (नवरा गेल्यावर विधवेने पाळायची मुदत), नागपुरात जाफर नगरच्या घरात, मधल्या खोलीत. तिला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर सूज आली म्हणून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन चालू आहे. दोन झाली, तिसरं १४ तारखेला. शिवाय पेन्शन तिच्या नावावर करायची तर बँकवाले म्हणतात, बाईंना एकदा समोर आणा.

फुप्पीचं (आत्याचं) म्हणणं, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचाच नाही, डोळा गेला तर अल्लाची मर्जी. मोठे भाईजान फुप्पीच्या बाजूचे. धाकटा मान खाली घालून बसतो. बाकीचे नियमही ऐका. आरशावर चादर टाकलीये. मोबाईल तिच्या हातात द्यायचा नाही. चांद बघायचा नाही. कपडे पांढरेच. आणि जावयासमोर यायचं नाही. माझा नवरा वीस वर्षं तिचा जावई आहे, हल्ली दारातूनच सलाम करून परत फिरतो.

मी शाळेत सायन्स शिकवते, फिकह (शरियतचं शास्त्र) नाही. यातलं शरियतचं किती आणि आमच्या खानदानाचं किती, कोणी सांगेल का?

मदरशाचा_विद्यार्थी | १० मार्च, सकाळी ७:१५

इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. अल्लाह अब्बांची मगफिरत करो.

आपा, आधीच सांगतो, मी फतवा देणारा मुफ्ती नाही. मदरशात सहा वर्षं काढली, आता मोमिनपुऱ्यात दुकानावर बसतो. आपल्या हनफी मसलकच्या (सुन्नी फिकहच्या एका शाखेच्या) किताबांत जे वाचलंय तेवढं सांगतो, खातरजमा तुमच्या मुफ्ती साहेबांकडून करून घ्या.

मुद्दत कुरआनातलीच आहे, सूरह बकरा, आयत २३४. चांद्र महिन्याच्या पहिल्या तारखेला इंतकाल झाला तर महिने धरतात, मधे झाला तर हनफींकडे सरळ १३० दिवस. अब्बा गेले तेव्हा शाबान लागून आठवडा उलटला होता. म्हणजे १३० दिवस पुरे होतील २९ जूनच्या सकाळी.

आता उंबऱ्याचं. बेवा (विधवा) बाईला दिवसा गरजेच्या कामासाठी बाहेर जाता येतं. रात्र मात्र त्याच घरात काढायची, जिथे शौहरच्या इंतकालाच्या वेळी ती राहत होती. दवाखाना, कमाई, आणि दुसऱ्या कोणाला करता येणार नाही असं काम, हे सगळं गरजेत येतं. लग्न, बाजार, भेटीगाठी येत नाहीत. हजरत जाबिर यांच्या खालाचा (मावशीचा) किस्सा सहीह मुस्लिम या हदीसच्या किताबात आहे. तलाकच्या इद्दतीत त्या आपल्या बागेतली खजूर उतरवायला निघाल्या, कोणीतरी हटकलं. त्या थेट नबी करीम (पैगंबर) यांच्याकडे गेल्या. त्यांनी सांगितलं, जा, उतरव, त्यातून तू सदका (दान) करशील किंवा काही भलं काम करशील. आपले हनफी इमाम तलाकवालीच्या बाबतीत जास्त कडक आहेत, बेवाच्या बाबतीत सैल. कारण अगदी व्यवहारी आहे. तलाकच्या इद्दतीचा खर्च नवऱ्यावर असतो. बेवाला देणाराच उरत नाही, तिला स्वतःचं बघावं लागतं.

सुरमा, अत्तर, मेहंदी, दागिने, नटवे कपडे आणि दुसऱ्या निकाहचा पैगाम, एवढं मना आहे. सुरमासुद्धा डोळ्याचं औषध म्हणून रात्री लावायची इजाजत फकीहांनी दिलीये. आरसा, मोबाईल, चांद, पांढरा रंग यांचा कुठल्याही किताबात पत्ता नाही. आणि जावई तर महरम. मुलीशी निकाह झाला त्या दिवसापासून सासूवर त्याचा निकाह कायमचा हराम. इद्दत लागली म्हणून तो परका होत नाही. दामादजींना आत बोलवा, चहा पाजा.

तर्री_पोहे | १० मार्च, सकाळी ८:०२

बावा, आरशावर चादर आमच्या आजीनंबी टाकली होती, आबा गेले तवा. आमी तर तेली! म्हंजे ही रीत कोनाची हाय ते तुमीच ठरवा.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | १० मार्च, दुपारी २:३०

@मदरशाचा_विद्यार्थी, जज़ाकल्लाह. तुमचं उत्तर कागदावर उतरवून भाईजानला वाचून दाखवलं. ते म्हणाले, "इंटरनेटवरचा मौलवी." ठीक आहे. उद्या मुफ्ती साहेबांकडे धाकट्याला पाठवते, लेखी घेऊन ये म्हणून सांगितलंय.

आणखी एक. १४ तारखेला रमजानचा तिसरा रोजा असेल. डोळ्यात सुई टोचली तर रोजा तुटतो का? अम्मी रोजा सोडायला तयार नाही आणि इंजेक्शनच्या आधी थेंबही टाकतात.

कोकणातली_आपा | १० मार्च, दुपारी ४:१०

मी रत्नागिरीची, नवऱ्याची बदली झाल्यामुळे चार वर्षं नागपुरात आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, तुम्ही हनफी, त्यामुळे माझं नीट गाळून घ्या. पण डोळ्यातल्या थेंबांनी रोजा तुटत नाही, हे आमच्याकडेही तसंच आणि तुमच्याकडेही. इंजेक्शनचंही बहुतेक उलेमा हेच सांगतात. पोटात काही जात नाही. दम्याचा पंप मात्र वेगळा, त्याने तुटतो असंच बहुतेकांचं मत आहे.

खरा प्रश्न शुगरचा आहे. इन्सुलिन घेत असतील तर रोज़ा ठेवावा का, हे डॉक्टरने सांगायचं. आजारी माणसाला सवलत कुरआनातच आहे, ती वापरणं म्हणजे चोरी नव्हे. बरं होण्याची आशा असेल तर नंतर कजा (राहिलेला रोजा) ठेवायची, नसेल तर एका रोज्याचा फिदिया, म्हणजे फित्र्याएवढं (ईदच्या दानाएवढं) एका गरिबाला. आमच्या सासूबाई दोन वर्षं ऐकत नव्हत्या. तिसऱ्या वर्षी इफ्तारच्या आधी अर्धा तास बेशुद्ध पडल्या, तेव्हा ऐकलं.

वर्धा_पॅसेंजर | १० मार्च, रात्री ९:४०

मधेच घुसतो, माफी. मी रोज नागपूर-वर्धा अपडाऊन करतो. जोहर (दुपारची नमाज) वर्ध्यात पडते. सफर धरून दोन रकात पढायच्या की पूर्ण चार? ऑफिसात दोन मुसलमान, दोघांची दोन मतं.

हिशोबी_मुनीम | १० मार्च, रात्री १०:०५

@वर्धा_पॅसेंजर, हनफी हिशोबाने सफर ४८ मैल, म्हणजे ७७ किलोमीटरच्या वर. आणि ते घराच्या दारापासून नाही, शहराची वस्ती संपते तिथून मोजायचं. नागपूर ते वर्धा स्टेशन ते स्टेशनच पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात आहे. आपली वस्ती आता बुटीबोरीकडे किती लांबलीये ते तुम्ही रोज खिडकीतून बघता. मी असतो तर चार पढलो असतो. अमरावतीला बदली करून घ्या, दोन पढा.

व्यवस्थापक | १० मार्च, रात्री १०:२०

सफरच्या नमाजसाठी कृपया वेगळा धागा काढा. इथे मूळ प्रश्नावर राहूया.

सोमलवाड्यातली_काकू | ११ मार्च, सकाळी ११:००

मास्तरीणबाई, तुमच्या आईसारखीच मीही. सहा वर्षं झाली हे गेले त्याला. मला विचारायचंय की आमच्यासारख्यांनी या दिवसांत भेटायला गेलं तर चालतं का? तुमच्यात सुतकासारखं काही असतं का? आणि नेताना डब्यात काय न्यावं? आमच्या गल्लीत एक मुस्लिम कुटुंब आहे, त्यांच्याकडेही असंच झालंय. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. कोणी काही बोलेल म्हणून नाही, आपल्याकडून काही चुकेल म्हणून.

आमच्याकडे १३० दिवसांची मोजदाद नसते. हळदीकुंकवाचं आमंत्रण मात्र आजवर थांबलेलंच आहे.

मदरशाचा_विद्यार्थी | ११ मार्च, दुपारी १:२०

काकू, जरूर जा. सुतक नसतं. विटाळ नाही, शिवाशिव नाही. मय्यतच्या घरी शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, ही तर सुन्नत आहे. हजरत जाफर शहीद झाले तेव्हा नबी करीम यांनी सांगितलं होतं, जाफरच्या घरच्यांसाठी जेवण बनवा, त्यांच्यावर असं दुःख आलंय की त्यांना त्याचं भान नाही. आता रमजान लागतोय, म्हणून इफ्तारच्या वेळी न्या. साबुदाण्याची खिचडीसुद्धा चालेल, आमच्या घरी उडते.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | १६ मार्च, रात्री ११:३०

नेलं! मुफ्ती साहेबांनी चार ओळी लिहून दिल्या, खाली शिक्का. "इलाज की ज़रूरत से दिन में निकलना जायज़ है, रात अपने घर में गुज़ारें." भाईजानने कागद दोनदा वाचला आणि काही न बोलता गाडीची किल्ली आणून दिली. डॉक्टरांनी रोज़ा ठेवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं, पण त्या दिवशीचा तिने ठेवलाच. इंजेक्शन झालं, डोळ्यावर पट्टी, येताना गाडीत माझा हात घट्ट धरून बसली होती. मोमिनपुऱ्यातून येताना इफ्तारचे ठेले लागत होते. एका डोळ्याने बाहेर बघत म्हणाली, "इस साल फालूदे वाले ने जगह बदल दी क्या?" महिनाभरानंतर तिने घराबाहेरच्या कशाबद्दल तरी विचारलं.

फुप्पी दोन दिवस आली नाही. बँकेचं अजून बाकी आहे.

काळा_कोट | १७ मार्च, सकाळी ९:४५

पेन्शनबद्दल. वडील केंद्राचे पेन्शनर होते ना? मग पीपीओ (पेन्शनचा आदेश) काढून बघा, त्यात आईचं नाव असणारच. दोघांचं जॉइंट खातं असेल तर नवं खातं उघडायला लावू नका. मृत्यूचा दाखला आणि अर्ज द्या. पुढे दर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतो. "समोर आणा" हे बरेचदा काउंटरवरच्या माणसाच्या सोयीचं असतं. मॅनेजरला लेखी द्या की बाई इद्दतीत आहेत आणि आजारी आहेत, माणूस घरी पाठवा.

आता न विचारलेलं विचारतो. आईच्या महरचं, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला कबूल केलेल्या रकमेचं, काय झालं?

मोहल्ल्यातली_मास्तरीण | १७ मार्च, रात्री १०:१०

महर? ती तर माफ झाली.

सांगते कशी. जनाजा उठायच्या आधी अम्मीला अब्बांजवळ आणलं. घर बायकांनी भरलेलं. एक लांबची चाची तिच्या कानाशी म्हणाली, "बोलो, मैंने महर माफ किया. तीन बार बोलो. नहीं तो जनाज़ा भारी होगा." अम्मीला धड उभंही राहता येत नव्हतं. तिने मान हलवली. चाचीनेच मोठ्याने सांगितलं, माफ केली म्हणून. बाहेर माणसं थांबली होती. मी तिथेच होते. आमच्याकडे असंच होतं म्हणून मीही काही बोलले नाही.

हे तुम्ही विचारलंत म्हणून आज पहिल्यांदा विचित्र वाटलं.

मदरशाचा_विद्यार्थी | १८ मार्च, सकाळी ६:५०

आपा, ही चाल आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती शरियत नाही. महर म्हणजे शौहरवरचं कर्ज. कुरआन म्हणतो, बायकांना त्यांची महर खुशीने द्या, आणि त्यांनी स्वतःच्या मर्जीने त्यातलं काही सोडलं तर ते खा (सूरह निसा, आयत ४). मर्जीने. मय्यतजवळ उभं करून वदवून घेतली ती मर्जी कसली? जनाजा जड होतो तो कर्जाने होतो हे खरं. पण त्याचा इलाज वारसांनी कर्ज फेडणं आहे, बेवाकडून पावती लिहून घेणं नाही.

काळा_कोट | १८ मार्च, सकाळी १०:३०

कायदाही तेच म्हणतो. नवऱ्याच्या मृत्यूने खचलेल्या अवस्थेत दिलेली माफी बायकोला बांधील नाही, माफी स्वखुशीची हवी. आणि क्रम लक्षात ठेवा. आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, त्यात महर आली, मग वसीयत असेल तर उरलेल्याच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर महरच्या दाव्याला मृत्यूपासून ३ वर्षं मिळतात. निकाहनामा शोधा.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | २४ मार्च, रात्री ११:५५

सापडला. अब्बांच्या लोखंडी पेटीत, रेल्वेच्या जुन्या पासांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत. घड्यांवर फाटलेला. उर्दू माझी जेमतेम, अम्मीने चष्मा लावून वाचला. महरच्या रकान्यात "महर-ए-फातमी", आणि त्याच्यापुढे एक शब्द जो मला मुअज्जल वाटला, अम्मी म्हणते मुवज्जल. फरक काय? आणि फातमी म्हणजे किती? घरात सगळे आजवर "पाचशे रुपये असेल" म्हणत होते.

हिशोबी_मुनीम | २५ मार्च, सकाळी १०:१५

हा प्रश्न माझा! इतवारीत सराफाकडे पंचवीस वर्षं खातेवही लिहितोय.

बोलताना दोन्ही शब्द सारखेच वाटतात, म्हणून लफडं होतं. मुअज्जल अैनवाला, म्हणजे ताबडतोब द्यायची. मुवज्जल हमजावाला, म्हणजे नंतर द्यायची. आणि नंतरची मुदत लिहिलेली नसेल तर तलाक किंवा मौत झाली की देणं लागतं. तुमच्या अम्मीने वाचलं ते खरं असेल तर महर आता देणं लागते.

फातमी म्हणजे ५०० दिरहम चांदी. आपल्याकडच्या मापात १३१.२५ तोळे, ग्रॅममध्ये १,५३०.९. पाचशेचा आकडा लोकांच्या डोक्यात राहिला, दिरहम गळाला आणि रुपये चिकटले. आजच्या (मार्च २०२४) चौऱ्याहत्तर रुपये ग्रॅमने सव्वा लाखाच्या जरा आत जाते, एक लाख तेरा हजारांच्या घरात.

एक सांभाळा. हा जुना तोळा आहे, ११.६६४ ग्रॅमचा. सराफ्यात आज तोळा म्हटलं की १० ग्रॅमच देतात. १३१ तोळे चांदी द्या म्हणाल तर दोनशेहून जास्त ग्रॅम कमी हातात पडेल. जकातीतही (दरवर्षी मालावर काढायच्या फर्ज दानातही) हीच गफलत होते. निसाब (जकात लागू होते ती मर्यादा) साडेसात तोळे सोनं, म्हणून लोक ७५ ग्रॅमला घाबरतात, पण तो ८७.४८ ग्रॅम आहे.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | २५ मार्च, रात्री १०:००

मुनीम भाई, मग जकातीचंही सांगूनच टाका. अम्मीकडे सराफ्याच्या तोळ्याने ८ तोळे सोनं आहे, सगळं अंगावरचं. बचत खात्यात बारा हजार. ८० ग्रॅम म्हणजे निसाबच्या आत, तर जकात नाही ना? आतापर्यंत अब्बाच भरायचे.

हिशोबी_मुनीम | २६ मार्च, सकाळी ९:५०

नुसतं सोनंच असतं, दुसरा एक रुपया नसता, तर नाही. पण बारा हजार आहेत ना! सोन्यासोबत रोकड किंवा चांदी आली की हनफींकडे सगळ्याची किंमत एकत्र करून चांदीच्या निसाबशी ताडतात. ६१२.३६ ग्रॅम चांदी, आजच्या (मार्च २०२४) भावाने पंचेचाळीस हजारांच्या आसपास. अम्मी त्याच्या कितीतरी वर.

मोडीचा भाव सध्या (मार्च २०२४) ६,००० धरा. ८० ग्रॅमचे ४,८०,०००, वर १२,०००, झाले ४,९२,०००. अडीच टक्के म्हणजे १२,३००. चांद्र वर्ष पुरं झालं पाहिजे. अब्बा तिच्या वतीने भरायचे, पण मालक ती होती, त्यामुळे तारीख तीच जुनी चालेल. एकरकमी जमत नसेल तर थोडे थोडे करून देता येतात.

कोकणातली_आपा | २६ मार्च, दुपारी १२:३०

आणि इथे आम्ही वेगळे पडतो. शाफईंकडे बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. मी नागपुरात नवीन होते तेव्हा शेजारणी माझ्या पाटल्यांकडे बघून विचारायच्या, किती निघाली? काहीच नाही म्हटलं की तोंडं बघण्यासारखी व्हायची. मेहदीबागेतल्या बोहरा मैत्रिणीचा हिशोब आणखी तिसराच. यात खरं-खोटं करू नये, आपल्या मसलकला धरून चालावं. सोय बघून मसलक बदलू नये, एवढंच. (माझ्या नणंदेने जकातीपुरतं शाफई व्हायचा प्रयत्न केला होता.)

तर्री_पोहे | २६ मार्च, दुपारी १२:५५

जकातीपुरतं शाफई 😂 आमच्यात बी लोक इन्कम टॅक्सपुरते शेतकरी होऊन राहिले.

वर्धा_पॅसेंजर | २६ मार्च, रात्री ९:३५

जकात सख्ख्या बहिणीला चालते का? आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना? त्या मुस्लिम नाहीत.

मदरशाचा_विद्यार्थी | २७ मार्च, सकाळी ७:००

बहीण हकदार असेल तर चालते, उलट दुहेरी सवाब. आईबाप, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं आणि नवरा-बायको यांना नाही. मावशींना जकात नाही, पण नफली (ऐच्छिक) सदका बेशक द्या, जकातीपेक्षा जास्त द्या, कोणी अडवलंय? आणि पगार वेळेवर द्या, तो सदक्यात धरू नका.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | १४ एप्रिल, रात्री ११:२०

ईद झाली. शेवया केल्या, नवे कपडे कोणी घेतले नाहीत.

ईदच्या तिसऱ्या दिवशी भाईजानने आम्हा तिघी बहिणींना बोलावलं. टेबलावर हक्कसोडपत्राचा मसुदा, स्टॅम्प पेपरवर, टाइप करून तयार. घर १,६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर आहे, आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) अब्बांच्या नावाचं. भाईजानचं म्हणणं, तुमची लग्नं अब्बांनी धूमधडाक्यात केली, दहेज दिलं, तुमचा वाटा तेव्हाच पोचला. आता सही करा म्हणजे म्युटेशन होईल. वरचा मजला २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलाय, हे खरं आहे.

मोठी आपा सही करायला तयार आहे. "भाई से रिश्ता टूटेगा तो मायका किधर?" म्हणते. मला वाईट वाटतं ते हक्कापेक्षा याचं की इद्दतीच्या वेळी शरियत शरियत करणारे हेच भाईजान.

हिशोबी_मुनीम | १५ एप्रिल, सकाळी १०:२५

आधी सांगा, दादा-दादी हयात आहेत का? असतील तर त्यांचाही हिस्सा पडतो.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | १५ एप्रिल, दुपारी १:४०

नाहीत. अम्मी, दोन भाऊ, तीन बहिणी. एवढेच.

हिशोबी_मुनीम | १५ एप्रिल, दुपारी ३:००

मग तुमचा हिशोब पाटीवर शिकवण्यासारखा आहे. मुलं आहेत म्हणून बेवाला आठवा हिस्सा. उरले सात आठवे. मुलाला दोन, मुलीला एक. दोन मुलगे म्हणजे चार, तीन मुली म्हणजे तीन, बेरीज सात. म्हणजे अम्मी एक आठवा, तुम्ही तिघी प्रत्येकी एक आठवा, दोघे भाऊ प्रत्येकी दोन आठवे. प्लॉटमध्ये बोलायचं तर अम्मी २०० फूट, तुम्ही २००-२००-२००, भाऊ ४००-४००. एक फूटही उरत नाही. अर्थात आधी अम्मीची महर बाजूला काढून.

लग्नात दिलं ते बापाने हयातीत दिलेलं. त्याचा मीरासशी (वारशाशी) संबंध नाही. नाहीतर भाईजानच्या वलीम्याचाही हिशोब काढावा लागेल. वरचा मजला मात्र त्यांच्या पैशाचा असेल तर त्याची किंमत त्यांना वेगळी द्यावी, त्यात भांडू नका. जमीन मात्र अब्बांचीच.

काळा_कोट | १५ एप्रिल, रात्री ९:१५

हक्कसोडपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवल्याशिवाय चालत नाही, म्हणून घरात टेबलावर केलेली सही म्हणजे जगबुडी नाही. पण करू नका. एकदा नोंदवलं की फिरवणं फार अवघड. आणि आईचा हिस्सा त्या मसुद्यात कुठे आहे? लिहिलाय की गृहीत धरलाय?

पीएफ, बँक यांत कोणी नॉमिनी असेल तर तो पैसे उचलणारा, मालक नव्हे. वाटणी वारसांतच. फॅमिली पेन्शन मात्र आईची.

सोमलवाड्यातली_काकू | १६ एप्रिल, सकाळी १०:४०

कायद्याने आमच्या मुलींचा वाटा भावांच्या बरोबरीचा आहे आता. माझ्या नणंदांनी तरी सह्याच केल्या. चहा होता, चिवडा होता आणि पेन होतं. मीच चहा दिला होता त्या दिवशी.

तर्री_पोहे | १६ एप्रिल, सकाळी ११:०५

काकू 🙏

रात्रीची_ड्यूटी | १७ एप्रिल, रात्री २:२०

माझ्या बहिणीला नवऱ्याने व्हॉट्सअॅपवर तीनदा तलाक लिहून पाठवलं. घरच्यांनी तिला इद्दतीला बसवलं. हे बरोबर?

काळा_कोट | १७ एप्रिल, सकाळी ८:३०

२०१९ च्या कायद्याप्रमाणे असा एका दमातला तलाक, तोंडी असो, लेखी असो की मोबाईलवर, रद्दबातल आहे आणि नवऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यासमोर ती अजून त्याची बायको आहे आणि खर्च मागू शकते. मजहबी बाजूने मसलकागणिक मत वेगळं: बहुतेक हनफी तीन धरतात, अहले हदीस एक. आणि तलाकची इद्दत चार महिने दहा दिवस नसते, तीन हैज (मासिक पाळ्या) असते, गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. नवा धागा काढा, सविस्तर बोलू. मेसेज पुसू नका.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | १२ मे, रात्री १०:४५

बरेच दिवस लिहिलं नाही. पेपर तपासणी, ऊन, आणि घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मसुद्यावर मी सही केली नाही, धाकटीने केली नाही, म्हणून मोठ्या आपाचीही राहिली. भाईजान महिनाभर खाली जेवायला आले नाहीत. मग गेल्या जुम्म्याला अम्मीनेच सगळ्यांना बोलावलं. निकाहनामा समोर ठेवला आणि मुनीम भाईंचा हिशोब मी कागदावर चौकोन पाडून काढला होता, आठ घरं, तो ठेवला. तिने एका घरावर बोट ठेवलं. "ये मेरा है?" हो म्हटलं. मग भाईजानला म्हणाली, "चाळीस साल इस घर में झाड़ू मैंने लगाई. दो सौ फुट मेरे निकले, ये मुझे आज मालूम पड़ा."

भाईजान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, वरच्या मजल्याचं काय? ते धरलंय, दाखवलं. म्हणाले, विचार करतो. मुफ्ती साहेबांकडे या वेळी ते स्वतः जाणार आहेत.

महर ती घेणार आहे की सोडणार, ते तिने सांगितलं नाही. "सोडूँगी तो बैठ के सोडूँगी," एवढंच म्हणाली.

कोकणातली_आपा | १३ मे, सकाळी ९:००

बैठ के सोडूँगी. अम्मींना माझा सलाम सांगा.

मदरशाचा_विद्यार्थी | १३ मे, दुपारी २:१५

अल्लाह आसानी करो. भाईजानला तेवढं सांगा, इंटरनेटवरचा मौलवीही सलाम म्हणतो.

मोहल्ल्यातली_मास्तरीण | २९ जून, रात्री ९:३०

आज सकाळी १३० पूर्ण झाले. फुप्पी फजरलाच आली, नवा निळा सूट घेऊन, जणू काही झालंच नव्हतं. आरशावरची चादर तिनेच काढली आणि घडी घालून धुवायला टाकली. अम्मीने बांगड्या घातल्या, काचेच्याच, चार-चार.

महिन्याचा पाचवा शनिवार, म्हणजे बँक चालू. तिथून मार्चपासून कोणी घरी आलंच नाही. भाईजान गाडी घेऊन आले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजी अंगठा लावा. अम्मीने पर्समधून अब्बांचा पेन काढला आणि उर्दूत सही केली, मग ती जुळत नाही म्हणून मराठीत. मराठीतली जुळली.

घराचं अजून झालेलं नाही. आखीव पत्रिकेवर सहा नावं चढवायचा अर्ज दिलाय, वाटणी नंतर.

वर्धा_पॅसेंजर | २९ जून, रात्री ९:५०

मुबारक. आणि डोळा?

मोहल्ल्यातली_मास्तरीण | २९ जून, रात्री १०:०५

सूज उतरलीये. पुढची तारीख ११ जुलै. येताना फालूदा ठरलाय, डॉक्टरला सांगू नका.